१जेझेड टर्बो + ऑटो गिअरबॉक्स स्वॅप: बूस्ट आला की मिसिंग, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उडतो

सहासिलिंडर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा. गाडी टोयोटा मार्क टू जीएक्स८१. मूळचं १जी-एफई काढून १जेझेड-जीटीई बसवलंय, जुनं ट्विन टर्बोवालं, व्हीव्हीटीआयच्या आधीचं, आणि मागे ए३४०ई चार स्पीड ऑटो. स्वॅप मी केलेला नाही, आधीच्या मालकाने कुणाकडून तरी करून घेतला आणि कंटाळून गाडी विकली, कंटाळला का ते आता मला कळतंय. याच बॉडीत कंपनीने १९९० पासून हे इंजिन दिलेलं असल्यामुळे माउंट, शाफ्ट वगैरेची काही भानगड नाही, सगळं जागेवर बसलंय.

त्रास असा. आयडल मस्त, हळू चालवली तर तक्रार नाही. बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचं प्रेशर) ०.४ बारच्या पुढे गेला की इंजिन मिसिंग करत फडफडायला लागतं. त्यात दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पाय खाली असेल तर आरपीएम आठशे-हजारने उडतो आणि मग गिअर पकडतो. आणि कधीकधी उलटंच, पाय काढला की धाडकन झटका देऊन डाउनशिफ्ट. आरामात चालवताना मात्र शिफ्ट लोण्यासारखे.

आत्तापर्यंत एटीएफ (ऑटो गिअरबॉक्सचं तेल) बदललं, प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर नवीन. इंटरकूलरच्या पाइपला जागा हवी म्हणून बॅटरी डिक्कीत नेलेली आहे. हेडलाइट जरा मंद आहेत पण गाडी तीसेक वर्षांची, चालायचंच. दोन गॅरेजवाल्यांनी पाहिली, एक म्हणतो गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करा, दुसरा म्हणतो टर्बो गेले. दोघांनीही मीटर हातात घेतला नाही हे विशेष.

बूस्टवेडा

टर्बो गेला असता तर बूस्टच आला नसता ना राव. धूर? तेल खातंय का? नसेल तर टर्बोला हात लावू नका. मला तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटो गिअरबॉक्समधला तेलाचा दुवा) वाटतो. आणि बूस्टवर फडफड म्हणजे फ्युएल कट (बूस्ट मर्यादेबाहेर गेला की पेट्रोल तोडतं ते) असणार, कुणीतरी बूस्ट वाढवून ठेवला असेल.

तेलकट पाना

बूस्टवेडा, फ्युएल कट असा फडफडत नाही. तो भिंतीवर आपटल्यासारखा लागतो, एकदम सगळं बंद आणि पाय काढला की परत चालू. आणि तो लागतो १ बारच्या आसपास, यांचं ०.४ लाच सुरू होतंय. स्टॉकला साधारण ०.७ येतो. म्हणजे स्टॉक बूस्टपर्यंतसुद्धा इंजिन नीट पोचत नाहीये, स्पार्क नाहीतर पेट्रोल यातलं काहीतरी कमी पडतंय.

सहासिलिंडर, गिअरबॉक्स उतरवू नका. ओव्हरहॉल हा शेवटचा उपाय, तो पहिला सांगणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं. आधी एवढं सांगा, ईसीयू (इंजिन-गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) ऑटोचा आहे ना? आणि एटीएफ लेव्हल कशी पाहिलीत? इंजिन बंद करून पाहिली असेल तर ती पाहिल्यात जमा नाही. गाडी पूर्ण गरम, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या पोझिशनमधून फिरवून परत पी मध्ये, आणि मग डिपस्टिक. जुनं तेल काढलंत त्याचा रंग-वास कसा होता? पॅनच्या मॅग्नेटवर काय होतं? जळका वास आणि काळी पूड असेल तर क्लच प्लेट गेल्या, मग माझे शब्द मागे.

सहासिलिंडर

ईसीयू ऑटोचाच, सोलेनॉइडच्या (गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) वायरी त्याच्यापर्यंत गेलेल्या दिसतात. लेव्हल तुम्ही म्हणता तशीच पाहिली, हॉटच्या खुणेत आहे. जुनं तेल तपकिरी होतं पण जळका वास नव्हता, मॅग्नेटवर नेहमीची राखाडी पेस्ट, तुकडे-बिकडे काही नाही.

तेलकट पाना

मग प्लेट अजून जिवंत आहेत, पण असंच ताणत राहिलात तर राहणार नाहीत, तोवर जोरात चालवू नका.

आता कोड बघा. डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीई१ आणि ई१ जोडा, ओव्हरड्राइव्हचं बटन ऑन, चावी ऑन, इंजिन बंद. ओ/डी ऑफचा दिवा सेकंदाला दोनदा असा एकसारखा लुकलुकला तर कोड नाही. ६२, ६३ म्हणजे शिफ्टचे दोन सोलेनॉइड, ६४ लॉकअपचा (कन्व्हर्टर घट्ट जोडणारा), ४२ आणि ६१ स्पीड सेन्सर.

कोड नसेल तर ही टेस्ट करा, फुकट आहे आणि निम्मा गोंधळ मिटवते. गिअरबॉक्सच्या सोलेनॉइडचा कनेक्टर काढून ठेवा आणि मोकळ्या रस्त्यावर हळू चालवा. या बॉक्समध्ये वीज नसेल तेव्हा एल मध्ये पहिला, २ वर तिसरा, डी मध्ये सरळ चौथा मिळतो. हे तीन गिअर लिव्हरने नीट मिळाले म्हणजे आतलं मेकॅनिकल आणि हायड्रॉलिक निदान हलक्या पायावर ठीक आहे, उरतं ते वायरिंग, सेन्सर नाहीतर प्रेशर. टेस्ट झाल्यावर कोड पडलेला असेल, तो पुसा.

दुसरा गिअर

पुसायला ईएफआयचा फ्यूज काढून ठेवायचा थोडा वेळ. आणि कनेक्टर काढलेला असताना डी मध्ये गाडी उठवू नका हो, चौथ्यात उठते ती, कन्व्हर्टर नुसता तापतो.

सहासिलिंडर

केलं. कोड नाही, दिवा एकसारखा लुकलुकतो. कनेक्टर काढून एल, २, डी तिन्हीत गाडी जशी चालायला हवी तशी चालली, हलक्या पायावर कुठेच स्लिप नाही. मग २ वर म्हणजे तिसऱ्यात असताना जरा जास्त पाय दिला, आणि तिथे आरपीएम वर आणि गाडी तिथेच. म्हणजे शिफ्टच्या वेळीच होतं असं नाही, जोर दिला की क्लच धरतच नाही. कनेक्टर लावलेला असो वा काढलेला.

तेलकट पाना

हे भारी झालं. ईसीयू या भांडणातून बाहेर. सोलेनॉइड फक्त कुठला गिअर ते ठरवतात, क्लच किती जोरात दाबायचा ते लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब) ठरवतं, आणि ए३४०ई मध्ये लाइन प्रेशर थ्रॉटल केबलवर आहे. लोक तिला किकडाउन केबल म्हणतात आणि मग वाटतं की ती फक्त किकडाउनपुरती, म्हणजे पाय दाबून खालचा गिअर घेण्यापुरती. तसं नाही. पाय जितका खाली तितकी केबल ओढली जाते, व्हॉल्व्ह बॉडीतला थ्रॉटल व्हॉल्व्ह तितका दाबला जातो, तितकं प्रेशर चढतं. केबल ढिली म्हणजे इंजिन पूर्ण टॉर्क देतंय आणि गिअरबॉक्सला वाटतंय की गाडी आरामात चाललीय. टर्बोवर तर हे फारच वाईट.

स्टॉल टेस्ट घ्या. चाकांना चारी बाजूने ठोकळे, हँडब्रेक, डावा पाय ब्रेकवर पूर्ण जोरात, समोर-मागे कुणी नको. डी मध्ये पूर्ण थ्रॉटल, आरपीएम कुठे थांबतो बघा, पाच सेकंदांच्या वर अजिबात नाही. मग न्यूट्रलमध्ये मिनिटभर थंड होऊ द्या आणि आर मध्ये तेच. डी आणि आर दोन्हीत जास्त आला तर प्रेशर कमी. फक्त डी मध्ये जास्त आला तर फॉरवर्ड क्लच नाहीतर वनवे क्लचकडे संशय. दोन्हीत कमी आला तर इंजिनच दमलेलं आहे, नाहीतर कन्व्हर्टरमधला स्टेटरचा वनवे क्लच गेलाय.

बूस्टवेडा

आणि कन्व्हर्टर पूर्ण बसला नसेल तर? स्वॅपमध्ये ही चूक लई कॉमन आहे.

तेलकट पाना

कॉमन आहे हे खरं. बसवताना कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकलला की टप्प्याटप्प्याने आत जातो, इनपुट शाफ्ट, स्टेटर शाफ्ट आणि शेवटी पंप. शेवटचा टप्पा राहिला आणि बोल्टने ओढून बसवला तर पंप तिथेच फुटतो. पण ती गाडी एवढी गुणी चालत नाही, आवाज करते, तेल गाळते, नाहीतर गिअरच पडत नाही. यांच्याकडे हलक्या पायावर सगळं ठीक आहे, पंप शाबूत दिसतो.

सहासिलिंडर

स्टॉल टेस्ट झाली. डी आणि आर दोन्हीत मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा सहाशे-सातशे जास्त. एन मधून डी मध्ये टाकल्यावर धक्का यायला दीड सेकंदाच्या वर लागतो, हे आधी लक्षातच आलं नव्हतं.

दुसरा गिअर

एन-डी ला १.२ सेकंदांच्या आत आणि एन-आर ला १.५ च्या आत यायला हवा. तुमचं प्रेशर कमी आहे, विषय संपला. केबल बघा. पूर्ण थ्रॉटलला केबलच्या रबरी बुटाचं टोक आणि तारेवरचा स्टॉपर यात ० ते १ मिलिमीटर अंतर हवं. आयडलला बघून काही उपयोग नाही, कुणालातरी आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा. आणि थ्रॉटल बॉडी ऑटोचीच आहे ना तेही बघा, मॅन्युअलच्या इंजिनवरची असेल तर या केबलचा कॅमच नसतो आणि लोक कुठेतरी तार गुंडाळून मोकळे होतात.

सहासिलिंडर

कॅम आहे. पण अंतर ० ते १ कुठलं, सहा-सात मिलिमीटर भरतंय. अ‍ॅडजस्टरचे नट शेवटपर्यंत फिरवून तीनवर आणलं, त्यापुढे आटेच नाहीत. आणि केबल हाताने ओढली की जड जाते, सोडली की सावकाश मागे जाते, मध्येच थांबते. फायरवॉलजवळच्या बाकावर कव्हरचं प्लॅस्टिक तुकतुकीत झालंय, फुगल्यासारखं.

बूस्टवेडा

एक्झॉस्टची धग लागली असेल.

सहासिलिंडर

एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला आहे, तिथे गरम असं काहीच नाही.

व्होल्टमीटर

मी गिअरबॉक्समधला माणूस नाही, वायरिंगवाला आहे, इतका वेळ गप्प वाचत होतो. पण पहिल्या पोस्टमधल्या दोन गोष्टी कुणीच उचलल्या नाहीत, बॅटरी डिक्कीत आहे आणि हेडलाइट मंद आहेत. आता त्यात ही वितळलेली केबल.

सहासिलिंडर, बॅटरीची निगेटिव्ह कुठे लावलीय? डिक्कीतल्या पत्र्याला असणार. आणि इंजिनपासून बॉडीला जाड अर्थिंगची पट्टी आहे का? इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, गिअरबॉक्सही. पट्टी नसेल तर स्टार्टरचा दीड-दोनशे अँपिअर करंट परत जाणार कुठून? जिथे धातू सापडेल तिथून. अ‍ॅक्सिलरेटर केबल, थ्रॉटल केबल, प्रोपेलर शाफ्टची बेअरिंग, वायरिंगमधल्या बारीक अर्थच्या वायरी. केबलची तार तापते आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं. दर वेळी सेल्फ मारताना थोडं थोडं.

मीटर डीसी व्होल्टवर लावा. एक प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, पोलवर म्हणजे पोलवर, क्लॅम्पवर नाही, डिक्कीपर्यंत लांब वायर लागेल ती घ्या. दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना आकडा वाचा. चांगल्या गाडीत तो ०.२-०.३ च्या आसपास येतो. मग इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटर फॅन सगळं लावा आणि परत वाचा. नुसता ओहमवर लावून तपासू नका, एकच धागा उरलेली वायरसुद्धा ओहमवर शून्य दाखवते, करंट गेला की खरं कळतं.

सहासिलिंडर

सेल्फ मारताना २.८. सगळं लावून चालू इंजिनला १.१.

आणि हो, अल्टरनेटरच्या बी पोस्टपासून (आउटपुटचा बोल्ट) त्याच्याच बॉडीवर मोजलं तर १४.२, बॅटरीवर १२.९. मंद हेडलाइटचं कारण वय नव्हतं तर.

पट्टी नाहीये. ब्लॉकवर जिथे असायला हवी तिथे रिकामा बोल्ट आहे, आणि बॉडीच्या बाजूला भोक, त्यावर रंग मारलेला.

व्होल्टमीटर

मग तुमच्या मिसिंगचं उत्तरही यातच असणार, निदान बरंचसं. कॉइलला १४ च्या जागी १२.९ आणि त्यातून जुन्या वायरिंगचा ड्रॉप वेगळा. हवा जितकी दाबलेली तितका स्पार्कला उडी मारायला व्होल्टेज जास्त लागतो, आयडलला भागतं, बूस्टवर नाही. पेट्रोल पंपही कमी व्होल्टेजला कमी फिरतो.

ब्लॉकवरून चेसिसला जाड केबल टाका, बॅटरीच्या मुख्य केबलइतकी जाड, बारीक नको. दोन्हीकडचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा. हेडच्या मागून फायरवॉलला एक वेगळी पट्टी. डिक्कीतला जोडही परत उघडा, तिथेही रंगावरच आवळलेलं असणार, ज्याने एकीकडे असं केलं त्याने दुसरीकडे वेगळं केलं नसेल. आणि केबल नवीन बसवायच्या आधी अर्थिंग करा, नाहीतर नवी पण वितळेल.

दुसरा गिअर

एक शंका. केबल अडकत होती म्हणता, मग अडकलेली केबल तर प्रेशर जास्त देईल ना? थ्रॉटल बंद झाला तरी तार ओढलेलीच राहिली म्हणजे व्हॉल्व्ह दाबलेलाच. मग प्रेशर कमी कसं काय?

तेलकट पाना

बरोबर शंका. दोन्ही होतंय. अस्तर वितळल्यावर तार बाकाच्या आतल्या बाजूला रुतली, तिचा रस्ता छोटा झाला, वर कव्हर चेपलं, म्हणून ढील आली. ओढताना आधी ती ढील संपते आणि मग व्हॉल्व्ह हलतो, म्हणून पूर्ण पाय दिला तरी प्रेशर अर्धवट. आणि पाय काढल्यावर तार चिकटून बसते, प्रेशर तेवढा वेळ चढलेलं राहतं, म्हणून पहिल्या पोस्टमधला तो धाडकन झटका. मला तो झटका बसतच नव्हता या गणितात, आता बसला.

जमलं तर केसवरच्या टेस्ट पोर्टला प्रेशर गेज लावा. आयडलला केबल हाताने ओढली की काटा चढला पाहिजे, सोडली की लगेच उतरला पाहिजे. आकड्याआधी हे वागणं बघायचं.

सहासिलिंडर

अपडेट. अर्थिंग झालं, तिन्ही जागी. सेल्फ मारताना ०.१८, सगळं लावून ०.०४. बॅटरीवर १४.१. हेडलाइट बघून हसू आलं, म्हणजे एवढे दिवस काजव्यावर गाडी चालवत होतो.

नवीन केबल टाकली. त्यासाठी पॅन उतरवावा लागतो, व्हॉल्व्ह बॉडीजवळच्या कॅमला तिचं टोक अडकवलेलं असतं, वरून नुसती ओढून निघत नाही. जुनी कापून पाहिली, बाकावर आतलं अस्तर काळं होऊन तारेला चिकटलेलं. फिल्टर आणि तेल परत नवीन. पूर्ण थ्रॉटलला अंतर अर्धा मिलिमीटर ठेवलं. गेजचा काटा केबलबरोबर चढतो-उतरतो. स्टॉल आरपीएम मॅन्युअलच्या मर्यादेत आला, एन-डी चा धक्का लगेच येतो. दुसरा-तिसरा पूर्ण पायावर एकदम घट्ट, आरपीएम उडत नाही. झटकाही गेला.

मिसिंग मात्र पूर्ण गेलं नाही. ०.४ च्या जागी आता ०.६ ला सुरू होतं, ते पण फक्त वरच्या आरपीएमला.

बूस्टवेडा

आता माझा नंबर. प्लग गॅप किती ठेवलाय? नवीन प्लग डब्यातून काढून तसेच टाकले असतील.

सहासिलिंडर

तसेच टाकले. मोजतो. १.१ आहे.

बूस्टवेडा

०.८ करा, पुढे कधी बूस्ट वाढवलात तर ०.७. साइडचा इलेक्ट्रोड हळूच दाबायचा, मधल्याला धक्का नको. आणि काढलेच आहेत तर कॉइलचे बूट अंधारात बघा, चीर असेल तर तिथून स्पार्क हेडवर उडताना दिसतो. कनेक्टरच्या क्लिप जपून, या वयात प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं.

सहासिलिंडर

०.८ केल्यावर पूर्ण साफ. ०.७ बारपर्यंत सरळ जातं, फडफड नाही. तीन नंबरच्या कॉइलच्या बुटाला बारीक चीर होती, तोही बदलला. बूस्ट वाढवायची खाज मात्र आता सुरू झालीय.

तेलकट पाना

खाज आवरा. त्या जुन्या जोडीची टर्बाइन चाकं सिरॅमिकची आहेत, हलकी म्हणून लवकर फिरतात पण जास्त बूस्ट आणि उष्णतेत तुकडे होतात. ०.९ च्या पुढे जायचं तर आधी स्टीलच्या चाकाचे टर्बो बघा. आणि त्याच्याही आधी गिअरबॉक्सला बाहेरचा ऑइल कूलर, रेडिएटरमधल्या लूपनंतर मालिकेत. एटीएफ तापलं की आत्ता वाचवलेल्या प्लेट जातील.

निवांत ड्रायव्हर

धाग्यात घुसतोय, माफी. माझ्याकडेही हाच गिअरबॉक्स, दुसऱ्या गाडीत टाकलेला. डी मध्ये गाडी उठतच नाही, आरपीएम वर आणि वेग मुंगीचा. एल मध्ये टाकली की छान उठते. आर पण चांगला. लोक म्हणतात कन्व्हर्टर.

दुसरा गिअर

वर वाचलंत ना, वीज नसली की डी मध्ये थेट चौथा. कनेक्टर काढल्यावर काय होतं ते वर सांगितलं, तुमचा बॉक्स तसाच वागतोय. कनेक्टर काढून गिअरबॉक्सच्या बाजूने एकेक सोलेनॉइड केसच्या विरुद्ध मोजा, ११ ते १५ ओहम यायला हवेत. यांचा अर्थ केसमधूनच असतो, म्हणून इंजिनचं अर्थिंग इथेही लागतं.

निवांत ड्रायव्हर

तिन्ही १३ च्या आसपास. ईसीयूच्या बाजूने मात्र व्होल्टच येत नाही, डी मध्ये टाकून चावी ऑन केली तरी एकाही वायरला काही नाही.

व्होल्टमीटर

पहिल्या गिअरला एस१ ला (शिफ्टचा पहिला सोलेनॉइड) बॅटरीचा व्होल्टेज यायलाच हवा. वायर ईसीयूच्या प्लगपर्यंत मागे शोधत जा. आणि ईसीयूवरचा पार्ट नंबर बघा, तो मॅन्युअल गाडीचा तर नाही?

निवांत ड्रायव्हर

मॅन्युअलचाच निघाला. सोलेनॉइडच्या वायरी प्लगच्या अलीकडे टेप गुंडाळून सोडून दिल्यात. ऑटोचा शोधतो, तोपर्यंत एल, २, डी हाताने टाकत घरी नेतो.

तेलकट पाना

न्या, पण २ म्हणजे तिसरा आहे हे लक्षात ठेवा, पहिल्यातून थेट तिसऱ्यात पडतो, वेग थोडा येऊ द्या. आणि उतारावर एल मध्ये टाकू नका, पहिला लागला तर मागची चाकं धरेल. ऑटोचा ईसीयू आला की न्यूट्रल स्विचच्या एन, २ आणि एल च्या वायरीसुद्धा त्याला द्याव्या लागतील, नुसते सोलेनॉइड जोडून भागणार नाही. ब्रेकलाइटचा सिग्नलही, नाहीतर ब्रेक मारताना लॉकअप सुटणार नाही.